पडद्याच्या तळाशी दोन ओळी

1 ऑगस्ट 2025 रोजी 71वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले आणि नेहमीप्रमाणे वाद सुरू झाला. या खेपेला वादाला सामग्री भरपूर होती. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार 'जवान'साठी शाहरुख खान आणि 'ट्वेल्थ फेल'साठी विक्रांत मॅसी यांना विभागून मिळाला. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार 'द केरला स्टोरी'ला गेला. केरळच्या राज्य पुरस्कारांत बाजी मारणाऱ्या 'आडुजीवितम'च्या पदरात काहीच पडलं नाही. या गदारोळात मलयाळम अभिनेत्री उर्वशी यांनी विचारलेला एक प्रश्न मात्र थोडा बाजूला पडला. मला तो बाकी सगळ्या वादांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

क्रिस्टो टॉमी यांच्या 'उळ्ळोळुक्क'मध्ये उर्वशी आणि पार्वती तिरुवोत्तु यांनी सासू-सुनेच्या भूमिका केल्या आहेत. कुट्टनाडात पूर आला आहे, घरात मृतदेह आहे आणि पाणी ओसरेपर्यंत दफन करता येत नाही. त्या ताटकळण्याच्या दिवसांत दोघींमधलं खरं-खोटं हळूहळू वर येतं. चित्रपट या दोघींच्या खांद्यांवर उभा आहे. उर्वशींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तो सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा. तोही 'वश' या गुजराती चित्रपटासाठी जानकी बोडीवाला यांच्यासोबत विभागून. मुख्य कोण आणि सहाय्यक कोण हे तुम्ही कोणत्या निकषावर ठरवता, असं त्यांनी जाहीरपणे विचारलं. विचारण्याचा अधिकार त्यांना दुहेरी होता. 2005च्या 'अच्चुविंटे अम्मा'साठीही त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचाच पुरस्कार मिळाला होता. त्या नावाचा अर्थच 'अच्चूची आई', आणि आईची भूमिका उर्वशींची. जिच्या नावावर चित्रपट, ती सहाय्यक! राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या पुरस्काराचं नाव सुरुवातीला 'उर्वशी' असंच होतं, हा योगायोग गमतीचा म्हणावा की कडू, ते वाचकानेच ठरवावं.

आता दुसरी बाजू. याच 'उळ्ळोळुक्क'मधल्या याच भूमिकेसाठी केरळ राज्य पुरस्कारांत उर्वशींना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला होता, 'तडवू'च्या बीना आर. चंद्रन यांच्यासोबत विभागून. त्या ज्युरीचे अध्यक्ष होते हिंदीतले दिग्दर्शक सुधीर मिश्रा. म्हणजे चित्रपट तोच, भूमिका तीच. एका खोलीत ती मध्यभागी दिसली, दुसऱ्या खोलीत कडेला.

असं का व्हावं? याची नेहमीची उत्तरं आपल्याला पाठ आहेत. दिल्लीला हिंदीच दिसते, सत्तेला सोयीचं ते निवडलं जातं, नामवंतांना झुकतं माप मिळतं. या उत्तरांत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण 'दिल्लीला हिंदीच दिसते' हे विधान विजेत्यांच्या यादीसमोर टिकत नाही. अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार 1967च्या चित्रपटांपासून सुरू झाले आणि पहिलाच अभिनेता निवडला गेला तो बंगालीतला, उत्तमकुमार. पुढे 1973च्या 'निर्माल्यम'साठी पी. जे. अँटनी, 1975च्या 'चोमन दुडी'साठी एम. व्ही. वासुदेव राव, 1977च्या 'कोडियेट्टम'साठी गोपी, 1988च्या 'पिरवी'साठी प्रेमजी. यांतलं एकही नाव मुंबईच्या पोस्टरवर झळकणारं नव्हतं. 1991मध्ये 'फिरिंगोटी' या असमिया चित्रपटासाठी मलया गोस्वामी निवडल्या गेल्या. हिंदीखेरीज दुसरं काही न दिसणाऱ्या यंत्रणेची ही यादी नव्हे.

त्याच यादीत मराठी शोधा. मराठी चित्रपटाला पहिल्याच वर्षी, 1954मध्ये, आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'मुळे राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. पण मराठी चित्रपटातल्या कामासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेता निवडला गेला तो थेट 2008च्या 'जोगवा'साठी, उपेंद्र लिमये यांच्या रूपाने. अभिनयाचे पुरस्कार सुरू झाल्यापासून चाळीस वर्षं मध्ये गेली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीला आणखी दोन वर्षं लागली. स्मिता पाटील यांना हा पुरस्कार दोनदा मिळाला, पण तो 'भूमिका' आणि 'चक्र' या हिंदी चित्रपटांसाठी. त्या चाळीस वर्षांत डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले मराठी पडद्यावर होते, एवढी एकच गोष्ट आठवली तरी प्रश्न उभा राहतो.

भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे असेल, या प्रश्नाचं उत्तर मी आधी पडद्याच्या तळाशी शोधते. तिथे दोन ओळी असतात, इंग्रजी सबटायटल्सच्या. आपली भाषा सोडून दुसऱ्या भाषेतला चित्रपट पाहणारा परीक्षक या दोन ओळींवर विसंबून असतो. एका ओळीत सुमारे चाळीस अक्षरं मावतात आणि ती काही सेकंदच टिकतात. त्यात वाक्याचा अर्थ बसतो. बोलणाऱ्याचं गाव, जात, वय, शिक्षण, समोरच्याबद्दलचा आदर किंवा त्या आदराचा आव बसत नाही. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' या तिघांना मिळून एकच 'यू' पुरतो. एखादा नट 'तुम्ही' म्हणता म्हणता भांडणाच्या ऐन मध्यात 'तू'वर उतरतो. तो क्षण त्याने दोन तास जपून आणलेला असतो आणि तळाच्या ओळीत काहीच घडत नाही.

निळू फुले यांचंच घ्या. 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील आणि 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू ही दोन्ही माणसं त्यांनी उभी केली. दोन्ही चित्रपट जब्बार पटेल यांचे, दोन्हींच्या पटकथा विजय तेंडुलकरांच्या. हिंदुरावाची मराठी साखर कारखान्याच्या सत्तेतून आलेली आहे. ती सावकाश चालते, कारण ऐकणाऱ्याला थांबावंच लागणार हे तिला माहीत आहे. दिगूची मराठी मुंबईची, दमलेली. सगळं पाहून झालेल्या आणि काहीही बदलू न शकलेल्या माणसाची. एकाच नटाने स्वतःच्या भाषेच्या आत केलेलं हे स्थलांतर अभिनयाचा केवढा मोठा पल्ला आहे, हे मराठी कानाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच दोन भूमिका इंग्रजी ओळींतून वाचा. दोन माणसं एकसारख्या, स्वच्छ, निर्जंतुक इंग्रजीत बोलताना दिसतील.

अलीकडचं उदाहरण 'कोर्ट'चं. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला 2014चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. गीतांजली कुलकर्णी यांनी त्यात सरकारी वकील साकारली आहे. न्यायालयात ती इंग्रजी कलमं एकसुरी वेगाने वाचते, घरी आणि लोकलमध्ये रोजची मध्यमवर्गीय मराठी बोलते. एकाच बाईच्या तोंडी एक भाषा सत्तेची आणि दुसरी संसाराची. ज्या कायद्याने ती दुसऱ्याचं आयुष्य अडकवून ठेवते, त्या कायद्याच्या भाषेत ती स्वतःही पुरती घरची नाही, हे तिच्या उच्चारांतून कळतं. सबटायटलमध्ये दोन्ही भाषा सारख्याच पांढऱ्या अक्षरांत येतात. चित्रपटाची रचना, त्याचा थंडपणा, स्थिर कॅमेरा हे सगळं भाषेची सीमा ओलांडून जातं. म्हणून चित्रपटाला पुरस्कार मिळू शकतो. बोलण्यातला अभिनय सीमेवर अडतो. त्या वर्षी अभिनयाच्या पुरस्कारांत 'कोर्ट'मधलं कुणी नव्हतं.

मग सीमा ओलांडतं काय? शरीर, वेश, मौन आणि सोसणं. 1974चा सर्वोत्कृष्ट अभिनेता होते 'अंकुर'मधले साधू मेहेर. त्यांचा किष्टय्या मूकबधिर आहे. 1979मध्ये नसिरुद्दीन शाह 'स्पर्श'मधल्या अंध मुख्याध्यापकासाठी निवडले गेले. प्रेमजींचा 'पिरवी'मधला बाप मुलाची वाट पाहत बसथांब्यावर जातो आणि परत येतो. तो शब्दांपेक्षा चालण्यातून जास्त कळतो. मराठीतला पहिला सर्वोत्कृष्ट अभिनेताही 'जोगवा'चा, म्हणजे देवीला सोडल्यामुळे साडी नेसावी लागलेल्या पुरुषाच्या भूमिकेचा. या सगळ्या भूमिका मोठ्याच आहेत. यांतल्या एकाचाही पुरस्कार काढून घ्यावा असं मला वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच की त्या सबटायटलशिवायही समजतात, आणि ही त्यांची अभिनयाबाहेरची सोय आहे.

यात व्याकरणाचा एक बारकावा आहे, तो या नियतकालिकाच्या वाचकाला रुचेल. 2014मध्ये संचारी विजय यांना कन्नडमधल्या 'नानु अवनल्ल अवळु'साठी आणि 2017मध्ये ऋद्धी सेन यांना बंगालीतल्या 'नगरकीर्तन'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. दोन्ही पारलिंगी स्त्रियांच्या भूमिका. कन्नडमध्ये 'तो' आणि 'ती' वेगळे आहेत, पण 'मी'चं क्रियापद लिंग सांगत नाही. बंगालीत तर 'तो-ती' हा भेदही नाही. मराठीत मात्र 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांच्यामध्ये एक आयुष्य असू शकतं. मराठी नटाला अशा भूमिकेत प्रत्येक वाक्यागणिक निवड करावी लागते. कधी 'गेलो'वरून 'गेले'वर यायचं, कुणासमोर परत 'गेलो' म्हणायचं, हे सगळं अभिनयातच मोडतं. इंग्रजी ओळीत दोन्हींना 'आय वेंट'. तीन भाषा तीन वेगळ्या जागी ओझं ठेवतात आणि सबटायटल ते सगळं उचलून एकाच पातळीवर आणतं.

उलट तपासणीही करून पाहावी. परीक्षकांना सबटायटलची गरजच नसते, असे चित्रपट कोणते? अर्थात इंग्रजीतले. भारतात इंग्रजी चित्रपट मोजकेच बनतात. तरी 1995 ते 2005 या काळात अभिनयाचे सर्वोच्च पुरस्कार इंग्रजी चित्रपटांना पाच वेळा मिळाले: 'द मेकिंग ऑफ द महात्मा'साठी रजित कपूर, जब्बार पटेल यांच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'साठी मम्मूट्टी, 'मित्र, माय फ्रेंड'साठी शोभना, 'मिस्टर अँड मिसेस अय्यर'साठी कोंकणा सेन शर्मा आणि 'परझानिया'साठी सारिका. कोंकणा यांची तमिळ वळणाची इंग्रजी त्या खोलीतल्या प्रत्येकाला कानाने पारखता आली असणार. तमिळमध्ये असंच बारीक काम कुणी केलं असतं, तर ते किती जणांना ऐकू आलं असतं? पाच उदाहरणांवरून सिद्धान्त मांडता येत नाही हे खरं, पण शंका घेण्याइतकी ती पुरेशी आहेत.

आवाजाचा प्रश्न एकदा उघडपणे चव्हाट्यावर आला होता. ऋतुपर्ण घोष यांच्या 'बाडीवाली'साठी किरण खेर यांना 1999ची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री म्हणून निवडलं गेलं. त्यानंतर बंगाली अभिनेत्री रीटा कोइराल यांनी जाहीर केलं की त्या भूमिकेचा आवाज आपला आहे आणि पुरस्कारात आपलाही वाटा असायला हवा. पुरस्कार खेर यांच्याकडेच राहिला. चेहरा एकीचा आणि आवाज दुसरीचा असेल, तर अभिनय कुणाचा? बंगाली प्रेक्षकापुढे हा प्रश्न आपोआप उभा राहतो, कारण त्याच्यासाठी वनलता ही व्यक्तिरेखा निम्मी तिच्या बोलण्यात आहे. डोळे तळाच्या ओळींवर खिळलेल्या प्रेक्षकाला आवाज केवळ पार्श्वसंगीतासारखा लागतो.

2010च्या सुमारास राष्ट्रीय पुरस्कारांची निवड दोन टप्प्यांत होऊ लागली. आधी पाच प्रादेशिक समित्या, त्यांच्यावर केंद्रीय ज्युरी. आता मराठीची यादी पुन्हा पाहा. 2010मध्ये 'बाबू बँड बाजा'साठी मिताली जगताप, 2011मध्ये 'देऊळ'साठी गिरीश कुलकर्णी, 2012मध्ये 'धग'साठी उषा जाधव आणि 'अनुमती'साठी विक्रम गोखले. चाळीस वर्षांत जे जमलं नव्हतं, ते लागोपाठ तीन वर्षं जमलं. 'श्वास'नंतर मराठी चित्रपटच सशक्त झाला, हे याचं मोठं कारण आहेच. पण 'देऊळ'च्या बाबतीत एक तपशील बोलका आहे. त्या वर्षी गिरीश कुलकर्णी यांना अभिनयाबरोबर संवादलेखनाचाही पुरस्कार मिळाला. म्हणजे केशाची बोली कुणीतरी ऐकली, आणि ती ऐकण्यासारखी आहे हे इतरांना पटवून दिलं. विक्रम गोखले यांची भूमिका तर संयमाची, पत्नी कोमात असलेल्या वृद्धाची. अर्धवट सोडलेल्या वाक्यांवर ती उभी आहे. इरफान खान यांच्या 'पानसिंग तोमर'शेजारी ती ठेवली गेली, याचा मराठी वाचकाला आनंद वाटावा. बुंदेलखंडी वळणाची ती हिंदी आणि ही मराठी एका पंगतीला बसल्या.

तेव्हा भाषा जाणणारा माणूस खोलीत असला की झालं, असा निष्कर्ष निघतो का? नाही. 2016च्या पुरस्कारांनी तो खोडून काढला आहे. अक्षय कुमार यांना 'रुस्तम'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेता निवडलं गेलं, आणि ज्युरीचे अध्यक्ष प्रियदर्शन यांनी त्यांच्यासोबत अनेक चित्रपट केलेले असल्यामुळे टीकेचं मोहोळ उठलं. 'अलीगढ'मधले मनोज बाजपेयी हे या वादात सर्वाधिक घेतलं गेलेलं नाव होतं. 'रुस्तम' आणि 'अलीगढ'मधला प्रश्न सबटायटलचा नव्हता. पण त्याच वर्षी राजीव रवी यांच्या 'कम्मट्टिपाडम'मधला विनायकन यांचा गंगाही होता. कोचीच्या वाढत्या शहराने गिळलेल्या दलित वस्तीतला हा माणूस. केरळने त्यासाठी त्यांना राज्याचा सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरवलं. राष्ट्रीय ज्युरीचे अध्यक्ष स्वतः मलयाळी होते, तरी तो सन्मान विनायकन यांना मिळाला नाही. उलट केरळच्या ज्युरीचे अध्यक्ष सुधीर मिश्रा हिंदीतले, आणि तिथे उर्वशी सहाय्यक ठरल्या नाहीत. अध्यक्षांची मातृभाषा काहीच ठरवत नाही. खोलीत कुणी कुणाला काय समजावलं आणि कुणी ते ऐकून घेतलं, यावर सगळं अवलंबून असतं. आणि नेमकं तेच आपल्याला कधी कळत नाही. प्रशस्तीतल्या एक-दोन गुळगुळीत वाक्यांपलीकडे निवडीची कारणं बाहेर येत नाहीत.

साहित्यात आपण याबाबतीत थोडे पुढे आलो आहोत. आंतरराष्ट्रीय बुकरचे परीक्षक मूळ पुस्तक वाचत नाहीत, इंग्रजी अनुवाद वाचतात. पण ते तसं उघड सांगतात आणि पुरस्काराची रक्कम लेखक-अनुवादकांत निम्मी-निम्मी वाटतात. 2022मध्ये गीतांजली श्री यांच्याबरोबर डेझी रॉकवेल, 2025मध्ये बानू मुश्ताक यांच्याबरोबर दीपा भास्ती व्यासपीठावर होत्या. मधल्या माणसाचं अस्तित्व मान्य केलं की निवाड्याची मर्यादाही मान्य होते. चित्रपटांच्या पुरस्कारांत मधला माणूस अदृश्य आहे. रंगभूषेला, वेशभूषेला, ध्वनीला राष्ट्रीय पुरस्कार आहे, सबटायटल लिहिणाऱ्याला नाही. परीक्षकांच्या हातात अनुवाद असतो आणि निकाल मूळ कलाकृतीचा लागतो.

म्हणून 'पुरस्कार योग्य माणसाला मिळाला का?' या प्रश्नाआधी मला दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो: 'परीक्षकांनी ऐकलं काय?' त्यासाठी करायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. अभिनयाच्या अंतिम यादीतल्या प्रत्येक भूमिकेबद्दल, ती भाषा जाणणाऱ्या कुणीतरी, बोलण्यातलं काय सबटायटलमध्ये येत नाही हे पानभर लिहून द्यावं. मुख्य आणि सहाय्यक यांतली रेघ कुठे ओढली, हे निकालासोबत सांगावं. वय वाढलं की बाई आपोआप कडेला जाते की काय, हा संशय त्याशिवाय फिटणार नाही. सबटायटलकाराचं नाव पडद्यावर ठळक यावं. आणि निवडीची कारणं सविस्तर छापावीत, म्हणजे वाद घालायचा तर त्या कारणांशी घालता येईल. याने ओळखीपाळखी आणि राजकारण संपणार नाही. पण त्यांना आज भाषेच्या अज्ञानाचा जो आडोसा मिळतो, तो उरणार नाही.

मलयाळम मला येत नाही. 'उळ्ळोळुक्क' मीही त्याच दोन ओळींवर पाहिला. उर्वशी मला मुख्य वाटल्या, कारण त्यांच्या चेहऱ्यावरचं न बोललेलं मला दिसलं. पण सासू सुनेला हाक मारते त्या हाकेत किती माया होती, किती हिशेब होता आणि तो कोणत्या प्रसंगापासून बदलला, हे मला मलयाळी मैत्रिणीला विचारावं लागेल. ज्या देशात आपण सगळेच बहुतेक भाषांच्या बाबतीत असे बाहेरचे आहोत, तिथे असं विचारणं हा निवड करण्याच्या कामाचाच भाग धरायला हवा. ते निकालाच्या आधी झालं, तर निकालानंतरच्या भांडणालाही काही अर्थ येईल.